तात्पर्य नको, पुढचं प्रकरण वाचा

आपल्याकडे शिक्षणावरचं भाषण ‘इक़रा’ या शब्दाशिवाय सुरू होत नाही. शाळेचं स्नेहसंमेलन असो, दहावीच्या गुणवंतांचा सत्कार असो की एखाद्या संस्थेचा जलसा असो, वक्ता माइक हातात घेतो आणि सांगतो की आपल्या दीनचा पहिला शब्दच ‘वाच’ असा आहे. टाळ्या पडतात. आणि त्याच शाळेत पुस्तकांच्या कपाटाला कुलूप असतं, किल्ली ऑफिसातल्या टेबलाच्या खणात असते आणि पहिली ते चौथीच्या मुलांना वर्षभरात एकही अख्खं पुस्तक कुणी वाचून दाखवलेलं नसतं.

‘इक़रा’चा दुसरा अर्थ भाषणांत सहसा येत नाही. मोठ्याने म्हणणं, ऐकवणं, हाही त्या शब्दाचा अर्थ आहे. ज्यांच्यावर तो शब्द उतरला ते उम्मी होते, हे आपल्या घरातल्या लहान पोरालाही माहीत असतं. आधी कानावर आलं, मग जिभेवर आलं. वाचन कानापासून सुरू होतं हे समजायला आपल्याला बाहेरच्या कुणाची गरज पडायला नको होती. तरी पडते, हे आपलं दुर्दैव.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. माझं म्हणणं साधं आहे. प्राथमिकच्या प्रत्येक वर्गात रोज पंधरा मिनिटं शिक्षकाने एक पुस्तक प्रकरणाप्रकरणाने, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचलं पाहिजे. आणि ते पुस्तक निवडताना एकच कसोटी लावली पाहिजे: दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकताच पोरं “मॅडम, आगे क्या हुवा?” असं विचारतात की नाही. यातून बोध काय मिळतो, लेखक कोणत्या धर्माचा, परीक्षेला काय उपयोग, या बाकीच्या कसोट्या आपण मोठ्यांनी आपल्या भीतीपोटी तयार केल्या आहेत. मुलांच्या भल्याशी त्यांचा फारसा संबंध नाही.

वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी हिशेब

पहिला आक्षेप सहकाऱ्यांकडूनच येतो. अभ्यासक्रम पूर्ण होत नाही, ऑनलाइन माहिती भरायची असते, निवडणुकीची कामं असतात, त्यात हे गोष्टी वाचणं कुठे बसवायचं? सहकाऱ्यांचा त्रास खोटा नाही. पण हिशेब मांडून पाहू. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरवून दिले आहेत. रोज पंधरा मिनिटं म्हणजे २०० दिवसांत ३००० मिनिटं, म्हणजे ५० तास. ८०० तासांतले ५०. सोळाव्या हिश्श्याइतके. हजेरी घेण्यात आणि वर्ग शांत करण्यात याहून जास्त वेळ जातो.

या ५० तासांत काय होतं? मुलांचे प्रश्न, हसणं, मध्येच एखाद्या शब्दाचा उलगडा, हे सगळं धरून पंधरा मिनिटांत चार-पाच पानं होतात. शंभर पानांचं पुस्तक साडेतीन-चार आठवड्यांत संपतं. वर्षाला आठ-नऊ पुस्तकं. चौथी पास होईपर्यंत मुलाच्या कानावरून तीसपेक्षा जास्त अख्खी पुस्तकं गेलेली असतील. आज किती जातात? बहुतेक उर्दू शाळांत आकडा शून्य आहे. मराठी शाळांतही फार वेगळं चित्र असेल असं मला वाटत नाही.

कुणी म्हणेल, आम्ही वाचतोच की, ‘आदर्श वाचन’ करतो. बी.एड.च्या सराव पाठांपासून हा शब्द आमच्या पाठ टाचणात बसलेला आहे. शिक्षकाचं आदर्श वाचन, मग मुलांचं अनुवाचन, मग शब्दार्थ, मग प्रश्न. पण त्या आदर्श वाचनाचा हेतू उच्चार दाखवणं हा असतो. पाठ दोन पानांचा असतो, तोही एखाद्या पुस्तकातून कापून आणलेला. पात्राशी ओळख होते न होते तोच खाली स्वाध्याय सुरू होतो. मूल यातून एवढंच शिकतं की गोष्ट म्हणजे प्रश्नांच्या आधी येणारी अडचण.

‘प्रथम’च्या असर पाहणीत २०२२ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. असा आकडा आला की वरून खाली एकच लाट येते: आणखी चाचण्या, आणखी तक्ते, आणखी अक्षरओळख. अक्षरओळख लागतेच, तिला माझा विरोध नाही. पण ज्या मुलाने पुस्तकात काय मजा असते हे कधी अनुभवलंच नाही, ते अक्षरांशी झगडेल कशासाठी? १९८५ साली अमेरिकेतल्या वाचन आयोगाने आपल्या अहवालात मुलांना मोठ्याने वाचून दाखवण्याला वाचनाच्या पायाभरणीत सर्वांत वरचं स्थान दिलं. त्यामागचं कारण कुठल्याही शिक्षकाला वर्गात दिसतं. मुलाची ऐकून समजण्याची ताकद त्याच्या वाचण्याच्या ताकदीपेक्षा बरीच वर्षं पुढे असते. दुसरीतलं पोरगं ‘कमल बघ’ एवढंच वाचू शकतं, पण ऐकताना ते चोर, जंगल, सावत्रपणा, गरिबी, विश्वासघात सगळं समजून घेतं. आपण त्याला ‘कमल बघ’वरच अडवून ठेवतो आणि मग म्हणतो, याला वाचनाची गोडी नाही.

बोधाची खोड

दुसरा आक्षेप जास्त खोलवरचा आहे आणि तो आपल्या समाजात जास्त जोरात आहे. ‘इससे बच्चों को सबक़ क्या मिलता?’ उर्दूत ‘सबक़आमोज़ कहानियाँ’ आणि मराठीत ‘बोधकथा’ या नावाखाली जी पातळ पुस्तकं शाळांत येऊन पडतात, ती या प्रश्नाला उत्तर म्हणून छापलेली असतात. दीड पानाची गोष्ट, खाली ठळक अक्षरात तात्पर्य. खोटं बोलू नये. लालच बुरी बला है. पहिल्या ओळीवरूनच पोरांना शेवट कळतो. माझ्या वर्गातली पोरं तर गोष्ट अर्धी असतानाच तात्पर्य सांगून मोकळी होतात आणि खिडकीबाहेर बघायला लागतात.

आपल्याच परंपरेत याहून चांगलं उदाहरण आहे. डॉ. ज़ाकिर हुसैन पुढे देशाचे राष्ट्रपती झाले. त्याआधी ते जामिया मिल्लियाचे कुलगुरू होते आणि आमच्या शेजारच्या वर्ध्यात १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेने नेमलेल्या समितीचे अध्यक्षही होते. या माणसाने मुलांसाठी ‘अब्बू ख़ाँ की बकरी’ लिहिली. अब्बू ख़ाँची बकरी चाँदनी खिडकीतून निसटून डोंगरावर जाते, रात्रभर लांडग्याशी लढते आणि सकाळी मरते. आता सांगा, तात्पर्य काय? घर सोडून जाऊ नये? की दोराला बांधून जगण्यापेक्षा लढून मरणं बरं? माझ्या तिसरीच्या वर्गात यावर दोन तट पडले आणि मधली सुट्टी झाली तरी भांडण मिटेना. एका मुलीचं म्हणणं होतं की दोष अब्बू ख़ाँचा, त्याने बकरीला विचारलंच नाही. हे तिने कुठून आणलं? कुठल्या तात्पर्यात ते लिहिलेलं नव्हतं. ज़ाकिर साहेबांनी गोष्ट उघडी ठेवली म्हणून तिला आत शिरता आलं.

गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला लक्ष्मीराम मास्तर बेशिस्त वर्गापुढे उभा राहतो आणि गोष्ट सांगायला लागतो, हे डी.एड.-बी.एड. केलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी वाचलेलं असतं. त्याला नव्वद वर्षं झाली. परीक्षेत त्यावर टीप लिहायची आणि वर्गात गेल्यावर विसरायचं, असा आमचा शिरस्ता आहे.

‘हमारे बच्चों को ये क्यूं?’

आता खऱ्या भांडणाकडे येते. चौथीच्या वर्गात मी ‘श्यामची आई’ वाचायला घेतली तेव्हा एक पालक ऑफिसात आले. भले माणूस, कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारे, मुलीला शिकवायचंच अशा जिद्दीचे. म्हणाले, “मॅडम, इसमें तो पूजा-पाठ है. हमारे बच्चों को ये क्यूं सुनाना?” मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि म्हटलं, भाई, एक दिवस मागच्या बाकावर बसून ऐका. ते आले. त्या दिवशी अळणी भाजीची रात्र होती. आई भाजीत मीठ घालायला विसरते आणि तिला वाईट वाटू नये म्हणून घरातले सगळे काही न बोलता जेवतात. एक मुलगा उठून म्हणाला, “मेरे अब्बा तो चिल्लाते!” वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरचे अब्बाही हसले. त्यांचं शंभर टक्के समाधान झालं असं मी म्हणणार नाही. पण मुलगी वर्गात राहिली आणि पुस्तक पूर्ण झालं.

ज्यांना लेखकाचा आणि पात्रांचा धर्म तपासूनच पुस्तक मुलांपुढे ठेवायचं आहे, त्यांना मला विचारायचं आहे की ही चाळणी तुम्ही उर्दूला लावणार का? ‘ईदगाह’मधला हामिद, जो मेळ्यात खेळणं न घेता दादीसाठी चिमटा घेऊन येतो, तो प्रेमचंदांनी लिहिला. मुलांसाठी ‘उलटा दरख़्त’सारखी धमाल कादंबरी कृष्ण चंदरांनी लिहिली. आपल्या आजोबांनी ती पुस्तकं वाचताना लेखकाचं आडनाव पाहिलं नाही. हामिद आपला वाटतो, मग श्याम परका कसा? श्यामचा निर्माता साने गुरुजी. त्यांनी ‘इस्लामी संस्कृती’ नावाचं पुस्तक लिहून पैगंबरांचं जीवन मराठी वाचकांना सांगितलं. त्यांनी आपल्याकडे यायला रस्ता केला. आपल्याला त्यांच्या अंगणात पाऊल टाकायला भीती वाटते.

ही भीती मुळात मुलांवरच्या अविश्वासातून येते. आपलं मूल श्यामच्या घरातली पूजा ऐकून आपला दीन सोडेल, एवढा कच्चा धागा आहे का तो? उलट दुसऱ्याचं घर आतून पाहिलेलं मूल आपल्या घराकडे जास्त डोळसपणे बघतं. त्याच पुस्तकात मोळीवाल्या म्हातारीची रात्र आहे. अस्पृश्य म्हणून तिला कुणी हात लावत नाही. आई श्यामला तिच्या डोक्यावर मोळी उचलून द्यायला सांगते आणि मग घरी येऊन अंघोळ कर म्हणते. माझ्या वर्गातल्या एकाने विचारलं, “मदद की, तो फिर नहाना क्यूं?” चौथीतल्या पोराने एका वाक्यात जातीच्या मुळाशी हात घातला. मग आम्ही अर्धा तास बोललो. आपल्या मोहल्ल्यात कुणाच्या हातचं पाणी कोण पीत नाही, इथपर्यंत गोष्ट आली. पुस्तक गाळून, स्वच्छ करून वाचलं असतं तर तो प्रश्न जन्मालाच आला नसता.

मुलांना रडू नका देऊ म्हणे

आणखी एक सूचना नेहमी येते: लहान मुलांना दुःखाच्या गोष्टी नकोत. ‘श्यामची आई’त शेवटी आई जाते. चाँदनी मरते. ‘तोत्तोचान’मध्ये पोलिओ झालेला यासुआकी जातो. म्हणून हे वाचू नका, आनंदी काही वाचा.

हा सल्ला देणारे कुठल्या जिल्ह्यात राहतात? शेतकरी आत्महत्या म्हटलं की देशभरातले पत्रकार ज्या जिल्ह्याची वाट धरतात, तिथे मी शिकवते. मरण इथे पुस्तकातून येत नाही. ते दिवाळीच्या आधी, सोयाबीनचा भाव पडल्यावर, शेजारच्या घरात येतं. पोरं ते बघतात. त्यावर बोलायला मात्र त्यांच्याकडे शब्द नसतात, कारण घरात कुणी त्यांच्यासमोर बोलत नाही आणि शाळेत तो विषय अभ्यासक्रमात नाही. यासुआकीचं प्रकरण वाचलं त्या दिवशी माझ्या वर्गात एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, आपल्या चाचांविषयी बोलला. दोनच वाक्यं बोलला. कुणी हसलं नाही. पुस्तकाने त्याला बोलायला एक आडोसा दिला. गोष्टीतल्या दुःखापासून मुलांना वाचवायचं आणि खऱ्या दुःखात एकटं सोडायचं, याला मी काळजी म्हणणार नाही.

मराठीवाल्यांनाही दोन शब्द

इथपर्यंत वाचून काही मराठी मित्र खूश झाले असतील. त्यांनाही दोन शब्द ऐकवायचे आहेत.

“तुमची मुलं ‘श्यामची आई’ ऐकतात? अरे वा!” या ‘अरे वा’मध्ये जे आश्चर्य असतं, ते मला बोचतं. पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड, आर्णी इथली आमची मुलं याच मातीत जन्मलेली आहेत. बाजारात, एसटीत, दवाखान्यात मराठी त्यांच्या कानावर पडतेच. ती त्यांची होते की परकी राहते, हे त्या भाषेत त्यांना कुणी प्रेमाने काही ऐकवलं की नाही यावर ठरतं. राज्याने २०२० साली कायदा करून सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली. सक्तीने विषय शिकवता येतो. भाषेची ओढ सक्तीने लागत नाही, ती पुढच्या प्रकरणाच्या उत्सुकतेने लागते.

आणि त्या प्रकरणांत आमची मुलं आहेत कुठे? गोट्या, चिंगी, फास्टर फेणे, बोक्या सातबंडे. मराठी बालसाहित्यातले हे लाडके नायक-नायिका मलाही प्रिय आहेत. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं ‘ट्टॉक’ माझ्या वर्गात इतकं लोकप्रिय झालं की गणिताच्या तासाला जीभ वाजते म्हणून तक्रार आली. पण यातलं एकही मूल मुसलमान नाही. कोलामाच्या पोडावरचं नाही, बंजारा तांड्यावरचंही नाही. मुसलमान येतो तो बहुधा ईदेच्या दिवशी शीरखुर्म्याचा डबा घेऊन येणारा शेजारी म्हणून. डबा दिला की त्याचं काम संपतं. त्याला सायकल चोरीला गेल्याचं दुःख नसतं, परीक्षेची भीती नसते, बहिणीशी भांडण नसतं. माझ्या जिल्ह्यात कितीतरी मुलं घरी कोलामी, गोंडी, गोरमाटी किंवा आमची वऱ्हाडी-दखनी बोलतात आणि शाळेत पुस्तकी मराठीला सामोरी जातात. त्यांना पुस्तकात आपला चेहरा दिसत नाही, याची बालसाहित्याला खंत वाटायला हवी.

यवतमाळने अखिल भारतीय साहित्य संमेलन दोनदा भरवलं. १९७३ साली गदिमा अध्यक्ष होते, २०१९ साली अरुणा ढेरे. दुसऱ्या वेळी नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यावरून रान पेटलं. शेवटी वैशाली येडे या शेतकऱ्याच्या विधवेच्या हस्ते उद्घाटन झालं. मंचावर कोण असावं यावर भांडण झालं ते योग्यच झालं. मात्र आमच्या तालुक्यातल्या आठ वर्षांच्या पोराच्या हातात कोणतं पुस्तक असावं, यावर एवढ्याच जोराने कुणी भांडल्याचं मला दिसलं नाही.

यात आपलीही बाजू दुबळी आहे. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. तेव्हापासून कविता आल्या, कथा आल्या, वैचारिक लेखांचे ग्रंथ आले. पण दुसरी-तिसरीच्या वर्गात पंधरा दिवस रोज एक प्रकरण वाचता येईल, असं मुसलमान मुलाचं मराठी पुस्तक मी शोधते आहे आणि अजून ते माझ्या हाती लागलेलं नाही. आपण मोठ्यांसाठी आपली ओळख मांडत राहिलो. पोरांना गोष्ट सांगायची राहून गेली. या ब्लॉगच्या वाचकांत लिहिणारे बरेच आहेत. पुढचा लेख महिनाभर थांबेल. एक दहा प्रकरणांची गोष्ट लिहा. आमच्या उरुसातली, बाजारातली, नळावरच्या भांडणातली. फक्त शेवटी तात्पर्य लिहू नका.

मग निवडायचं कसं?

वादासोबत थोडी कामाची गोष्ट सांगते. पुस्तक वर्गात नेण्याआधी त्याची पहिली चार पानं घरी मोठ्याने वाचा. आपलीच जीभ अडखळत असेल तर ते पुस्तक डोळ्यांसाठी आहे, कानासाठी नाही. संवाद भरपूर हवेत. पहिल्याच प्रकरणात दहा नावं आली तर पोरं हरवतात. प्रकरण पंधरा मिनिटांत संपावं आणि काहीतरी लटकत राहावं. पुस्तक मुलांच्या वाचनाच्या पातळीपेक्षा वरचं, ऐकण्याच्या पातळीला साजेसं असावं. तीन दिवस वाचूनही कुणी पुढे काय झालं हे विचारत नसेल, तर पुस्तक बिनदिक्कत बदला.

पहिली-दुसरीला माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ यासारखी पुस्तकं उत्तम, घरातल्या एकेका माणसाची ओळख करून देणारी. तिसरीला ‘बोक्या सातबंडे’. दिलीप प्रभावळकरांनी तो आकाशवाणीसाठी लिहिला होता, त्यामुळे तो ऐकायलाच बनलेला आहे. तिसरी-चौथीला तेत्सुको कुरोयानागींची ‘तोत्तोचान’, चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या मराठी अनुवादात, नॅशनल बुक ट्रस्टची. छोटी छोटी प्रकरणं, आणि शाळा भरते ती रेल्वेच्या डब्यांत. ज्यांच्या आजी-आजोबांनी यवतमाळ-मूर्तिजापूरच्या शकुंतलेतून प्रवास केला, त्या पोरांना हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. ती लगेच म्हणतात, आपली बंद पडलेली शकुंतला शाळेला देऊन टाका. पाकीट शोधायला तोत्तोचान संडासाच्या टाकीतली घाण उपसते आणि हेडमास्तर न रागावता फक्त एवढंच विचारतात की झाल्यावर परत भरून ठेवशील ना, ते प्रकरण वाचून पाहा. वर्ग छत डोक्यावर घेईल. चौथीला फास्टर फेणे आणि ‘श्यामची आई’. गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात तिचं बरंचसं लेखन केलं आणि प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलं, कारण श्याम रोज रात्री मित्रांना आठवण सांगतो. म्हणजे हे पुस्तकच मुळात ऐकण्याचं आहे. भाषा जुनी वाटली तर अवघड वाक्य वाचून लगेच सोपं करून सांगा. उर्दूच्या तासाला ‘उलटा दरख़्त’ आणि इस्मत चुगताईंची ‘तीन अनाड़ी’ घ्या.

उर्दू शाळेत मराठी पुस्तक वाचताना मी आधी दोन मिनिटं आमच्या बोलीत कालची गोष्ट पोरांकडून वदवून घेते. मग मराठीत वाचते. प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगत बसत नाही, कारण अर्थ गोष्टीतून कळतो. आणि वाचून झाल्यावर प्रश्न लिहून देत नाही, कधीच नाही. वहीत उतरवायचं म्हटलं की पुस्तक मेलंच समजा.

पैसे नाहीत ही सबब फार चालणार नाही. या कामाला तीस प्रती लागत नाहीत, एक प्रत पुरते. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांतल्या गोष्टी फुकट आहेत. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टीची पुस्तकं असणं बंधनकारक केलं आहे. पुस्तकं आहेत, तिथे ती साठा नोंदवहीच्या भीतीने कपाटात आहेत. फाटलं तर शिक्षकाकडून वसूल होईल, म्हणून कुणी हात लावत नाही. तपासणीला कोरी करकरीत पुस्तकं दाखवणाऱ्या शाळेला शाबासकी मिळते. खरं तर तिला जाब विचारायला हवा.

तेव्हा पालकांनो, पुढच्या पालकसभेत मार्कांच्या आधी एक प्रश्न विचारा: माझ्या मुलाच्या वर्गात सध्या कोणतं पुस्तक वाचून दाखवणं सुरू आहे आणि कितवं प्रकरण चालू आहे? उत्तर मिळालं नाही तर कपाटाची किल्ली मागा. १५ ऑक्टोबरला कलाम साहेबांच्या जयंतीला ‘वाचन प्रेरणा दिन’ साजरा होतो, पुस्तकं टेबलावर मांडून फोटो काढले जातात आणि संध्याकाळी ती परत कपाटात जातात. १६ तारखेला शाळेत जाऊन विचारा, आज काय वाचलं? आणि शिक्षक मित्रांनो, परवानगीची वाट पाहू नका. पंधरा मिनिटांसाठी कुठल्याही जीआरची गरज नसते.